चपला राहू देत

आत्या, तू गेल्यापासून घरात माणसांची ये-जा चालू आहे. लोक पडवीत बसतात, पाणी पितात आणि उठताना जवळजवळ प्रत्येक जण तेच बोलतो, "इंदूताई म्हंजे धीराची बाई. कशाला भ्यायली नाय कदी." मी मान हलवते. आई भिंतीला टेकून बसलेली असते, तीही हलवते. खरं काय ते आम्हा दोघींनाच ठाऊक. तुझ्याइतकी भित्री बाई मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

जेवताना तू दाराकडे तोंड करून बसायचीस. चौक गावच्या बाजारात भाजीची टोपली मांडायचीस ती पाठीला भिंत लागेल अशीच जागा बघून. हायवेवरून एखादा टेंपो आपल्या वाडीच्या वाटेला वळला की तुझ्या हातातलं काम थांबायचं. तो पुढे निघून गेला की पदराने कपाळ टिपायचीस आणि पुन्हा भेंड्या निवडायला लागायचीस. लोकांना हे कधी दिसलं नाही, कारण तू सतत कामात असायचीस आणि कामातल्या बाईच्या तोंडाकडे कुणी बघत नाही. मला दिसायचं. भ्यायचं कसं हे मी तुझ्याकडूनच शिकले, आणि भीती पोटात घेऊन पळायचं कसं, तेही.

तू आमच्याकडे आलीस त्याच्या आधीपासून मी जमिनीला घाबरत होते. हे तुला आईकडून कळलं होतं, पण आईने सांगितलं ते पायाचं. मनाचं तिला माहीत नव्हतं. मी फार लहान होते. भात कापून झालेल्या शेतात पोरं पळत होती, त्यांच्यामागे मी. एक धसकट तळव्यात घुसलं. आईने ते काढलं, हळद भरली, आणि दोन दिवसांत पाय घोट्यापर्यंत काळानिळा झाला. बाबांनी मला खांद्यावर टाकून हायवेपर्यंत नेलं आणि तिथून पनवेलला. दवाखान्यात मी टेबलावर पडलेली होते. मला झोप लागली आहे असं समजून डॉक्टर बाबांना म्हणाले, "सूज उतरली नाही तर पाय ठेवता यायचा नाही." मी डोळे मिटूनच ऐकलं.  बाबांनी माझा दुसरा पाय, चांगला असलेला, हातात घट्ट धरून ठेवला.

पाय वाचला. तळव्याखाली एक कडक गाठ तेवढी राहिली. त्यानंतर आईने मला चपला आणल्या. आपल्या वाडीत तेव्हा पोरींच्या पायात काही नसायचं. चपला मिळायच्या त्या लग्न ठरल्यावर. पोरं मला मडमीण म्हणायची. त्यांना वाटायचं मी मिरवते. मी मिरवत नव्हते. आंघोळीच्या दगडावरही मी चपला काठाशी काढून थेट दगडावर उडी मारायचे, आणि अंग पुसून झालं की थेट चपलांत. मला स्वप्नं पडायची. त्या स्वप्नांत जमिनीला दात असायचे.

मग तू आलीस.

दिवाळी होऊन गेली होती, खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. घरात मी, आई आणि आईच्या कडेवरचा माझा धाकटा भाऊ वसंत, एवढीच. मी ओट्यावर बसून वाल सोलत होते. बांधावरून एक बाई पळत येताना दिसली. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, डोक्यावरचा पदर गळून पाठीवर आलेला, पायांत काही नाही. मी तुला ओळखलंच नाही. मोठी बाई पळताना मी तोवर पाहिलीच नव्हती. आपल्याकडे बाया चालतात, फार झालं तर लगबगीनं चालतात. मला वाटलं, कुणीतरी मेलं.

तू दाराशी येऊन थांबलीस. आईने विचारलं, "इंदू? काय झालं गं?"

"कायच नाय, वैनी," तू म्हणालीस. धाप लागलेली होती. "आठवन आली तुमची."

रसायनीच्या पलीकडे तुझं सासर. तिथून आपल्या वाडीपर्यंत तू नदी ओलांडून, शेतंच्या शेतं तुडवत आली होतीस, आणि म्हणे आठवण आली. आईने तांब्याभर पाणी दिलं. तू उभ्यानंच प्यायलीस, पिता पिता मागे वळून बघत. तू आत गेल्यावर सारवलेल्या ओट्यावर तुझी पावलं उमटलेली राहिली, लाल. बाबा कचेरीतून यायच्या आत आईने शेणाचा हात फिरवून ती पुसली. मी बघत होते. दुसऱ्या दिवशी तुझ्या पाठीवर पाणी ओतायला मला सांगितलंस तेव्हा पाठही बघितली. वळ जुने होते, नवे होते, एकावर एक होते. "ओत ना गं," तू म्हणालीस, "थांबलंस कशाला?"

नवरा मारतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण त्याच दिवशी, भर दुपारी, पायात चपलासुद्धा न घालता तू का निघालीस, हे तू कधीच सांगितलं नाहीस. मीही कधी विचारलं नाही. लहान होते तेव्हा उत्तराची भीती वाटायची. मोठी झाल्यावर ते उत्तर मला साधारण कळलं, आणि मग आणखीच भीती वाटायला लागली.

बाबा तुझे थोरले भाऊ. वाईट नव्हते ते. खालापूरच्या कचेरीत कारकून, साधा, लोकांना घाबरणारा. ते म्हणाले, "ऱ्हा थोडे दिवस. मग मी सोताच पोचवतो तुला." तू हो म्हणालीस. त्या 'हो'वर घरात फक्त त्यांचाच विश्वास बसला.

माझ्या चपला तुला आल्या दिवसापासून खुपत होत्या. एकदा आईला विचारलंस, "ही निजतानाबी घालते का गं?" एका दुपारी खळ्यावरचं भात घरात आलं होतं, माणसं जेवायला गेली होती, आणि तू माझा हात धरून मला रिकाम्या खळ्यावर नेलंस.

"चपला काढ."

"नको."

"खळं हाय ह्ये. शेणानं सारवलेलं. तुझ्या अंथरुणापरीस मऊ हाय."

"नको आत्या, टोचंल."

"काय टोचंल ते दाव मला. खडा दाव. एक खडा दाव."

तू गुडघ्यांवर बसलीस आणि खरोखरच हाताने सगळं खळं चाचपलंस, कडेकडेने, अंध माणसासारखं. मग माझ्याकडे बघितलंस. मी चपला काढल्या. जमीन गार होती. मला आठवतं, मी रडायला लागले, कारण काहीच झालं नाही.

"आता पळ."

मी पळाले ते म्हणजे धप् धप् करत, पाय उचलून आपटत. दोन उड्यांतच थांबले.

"आपटतंस कशाला?" तू ओरडलीस. "चवड्यावर पड. टाच मागनं आपसूक येती. आनि लांब ढेंगा टाकू नको, लहान लहान टाक. लांब टाकली की पाय कुठं पडंल ते तुला कळायचं नाय."

"मला भीती वाटते."

"मलाबी वाटते," तू म्हणालीस. तुझा आवाज एकदम खाली आला. "पन मी थांबले व्हते का?"

त्या दिवशी खळ्याला एक फेरी झाली. पुढे रोज. मग दवानं भिजलेल्या बांधावर. मग एकदा तू मला धसकटांच्या शेतात उतरवलंस आणि पाय उचलून न टाकता जमिनीलगत पुढे कसा सरकवायचा, म्हणजे धसकट टोचण्याऐवजी लवतं, ते दाखवलंस. तिथे मात्र मला पळता आलं नाही. त्या शेतात उभी राहिले की पनवेलच्या दवाखान्यातलं टेबल आठवायचं. मी नुसती उभी राहायचे, तू चार हातांवर उभी राहून म्हणायचीस, "ये." मी जायचे नाही. तू कधी ओढलं नाहीस.

आईने आपल्याला तिथेच पकडलं. वसंत तिच्या कडेवर होता, माझ्या चपला तिच्या हातात होत्या. ती तुझ्यावर ओरडली नाही. हळूच बोलली, म्हणून मी जास्त घाबरले.

"तुझं झालं ते झालं, इंदू. माझ्या पोरीला पळायला शिकवू नको."

"आनि गरज पडली तर, वैनी?"

"पडायची नाय. बाई पळाली म्हंजे तिच्या पाठीमागं कोन हाय ते लोक बघत नाय. ती काय सोडून चाललीय त्येवढंच बघतात."

"बघू दे की."

"तू बघू दे म्हन. हिला अजून जगायचंय."

 आईने माझ्या पायांत चपला चढवल्या, स्वतःच्या हाताने, आणि मला ओढत घरी नेलं. त्या दिवसापासून तुमच्या दोघींमध्ये जी आढी पडली ती कालपरवापर्यंत होती. मिठावरून, चुलीवरून, वसंताच्या टोपड्यावरून, कशावरूनही तुमचं वाजायचं. लोक म्हणायचे नणंद-भावजयीचं नेहमीचं. तुलाही तसंच वाटायचं. तू मला कितीदा म्हणाली असशील, "तुझ्या आईला मी नकोच व्हते घरात."

आत्या, आता मी जे सांगणार आहे ते नीट ऐक.

शिमगा झाला होता. ऊन कडक पडायला लागलं होतं, शेतांत रोपांच्या जागेवर पालापाचोळा पेटवून राब भाजून झाले होते. बाबांना तुझा नवरा खालापुरात भेटला होता. त्याने त्यांचे पाय धरले, पुन्हा हात उचलणार नाही म्हणाला, आणि बाबांचा विश्वास बसला, कारण त्यांना बसवायचाच होता. न्यायला कधी यायचं ते दोघांनी ठरवलं. हे तुला सांगितलं नाही, आईलाही त्या सकाळी निघताना सांगितलं, तुला कळू द्यायचं नाही अशी ताकीद देऊन. बाबा कचेरीत गेले. तू नदीकाठच्या वांग्यांच्या मळ्यात गेली होतीस.

दुपारी टेंपो आला. तिघे उतरले. तुझा नवरा, त्याचा भाऊ आणि एक मामा. पडवीत बसले. तुझा नवरा हसून बोलत होता. त्याच्या पायांत कारखान्यात मिळालेले जड बूट होते, ते त्याने काढले नाहीत. माझ्या चपला त्यांच्या शेजारीच पडवीत होत्या. तो त्यांच्याकडे बघून म्हणाला, "मडमीन कुठं हाय तुमची?" आई म्हणाली, "आत हाय. अंगात ताप हाय तिच्या." मी आतल्या खोलीत उभी होते आणि मला ताप नव्हता.

"आनि ही?" त्याने तुझं विचारलं.

"हिरीवर गेली धुनं घेऊन. यील. च्या ठेवते."

विहीर वाडीच्या एका टोकाला, नदी दुसऱ्या. आई आत आली. चुलीवर आधण ठेवलं. माझ्याजवळ आली, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिचे हात गार पडले होते.

"मागच्या दारानं जा. तिला सांग, आलेत. नदीतच बसा म्हनावं."

मी म्हणाले, "चपला?"

"चपला राहू देत. दिसू देत त्यांना. त्यांना वाटू दे तू घरातच हायस." आणि मग, आत्या, माझ्या आईने, जिने तुला पळायला शिकवू नको म्हणून सांगितलं होतं, तिने माझ्या पाठीवर हात ठेवून मला दाराबाहेर ढकललं. "पळ सुमे."

मागच्या दारातून नदीकडे जायला वाट नव्हती. वाट पुढून होती. मागे शेत होतं. धसकटांचं.

मी पळाले. हे मी लोकांना कधी सांगितलं की ते विचारतात, कसं वाटलं. मला काही छान वाटलं नाही. पहिल्या वाफ्यातच एक धसकट लागलं आणि मला वाटलं, झालं, गेला पाय. तरी मी पुढच्या वाफ्यात होते. पाय सरकव, पाय सरकव, असं मी तोंडाने म्हणत होते. धसकटं वाळून काठीसारखी झाली होती, लवत नव्हती, मोडत होती, आणि त्यांचा कड् कड् आवाज पडवीपर्यंत जातोय असं मला वाटत होतं. मागे वळून बघायची हिंमत नव्हती. गाठीच्या जागी कुणीतरी सुई धरून बसल्यासारखं झालं होतं. मध्ये भाजलेला राब आला. वरून राख, काळी, मऊ. मी त्यात पाय टाकला आणि खाली निखारा नसला तरी जमीन अजून तापलेली होती. मी ओरडले नाही. तोंडात वेणी धरली होती, ती चावली.

मग बांध आला, करवंदीची जाळी आली, गोटे आले, आणि मला तू दिसलीस, वांग्याला पाणी घालताना, पाठमोरी.

"आत्या, आलेत."

कोण आलेत हे तू विचारलं नाहीस. माझ्या पायांकडे बघितलंस. फक्त पायांकडे. मग हंडा खाली ठेवलास, माझा दंड धरलास आणि मला घेऊन पाण्यात उतरलीस. काठावर मोठं उंबराचं झाड होतं, त्याची मुळं पाण्यावर आली होती. त्यांच्या आत, पाण्यात, आपण बसलो. माझ्या कमरेपर्यंत पाणी होतं.

थोड्या वेळाने बूट वाजले, गोट्यांवर. विहिरीवर तू सापडली नाहीस म्हणून ते इकडे आले असणार.

"इंदू," तो म्हणाला. "ए इंदू. ये गं. मी काय रागावलो नाय."

त्याचा आवाज गोड होता. एखाद्या लेकराला बोलवावं तसा. मी आयुष्यात पुष्कळ भयानक आवाज ऐकले आहेत, वीज पडलेली ऐकली आहे, गाड्या आपटलेल्या ऐकल्या आहेत. त्या गोड आवाजाइतका मी कशालाच घाबरले नाही. तुझं अंग माझ्या अंगाला टेकलेलं होतं आणि ते पानासारखं हलत होतं. तुझा तळवा माझ्या तोंडावर होता.

त्याचा भाऊ म्हणाला, "हितं पावलं हायत. वली हायत. बारकी."

"पोरं येतात पोहायला."

"तिच्या भावाची पोर नसंल ना?"

"तिच्या चपला घरात हायत की. ती मडमीन अनवानी निघंल व्हय?"

तो हसला. मग मळ्यात हिंडला. एक वांगं तोडलं, हातात फिरवलं, आपल्याच दिशेला पाण्यात फेकलं. ते आपल्या समोरून तरंगत गेलं. आणि तेव्हाच वरून पाणी यायला लागलं. खोपोलीच्या वीजघराचं पाणी दुपारचं आपल्या नदीला पोचायचं, ते रोजचंच होतं, बाया त्याच्या आधी धुणी आटपायच्या. ते माझ्या पोटापर्यंत आलं, छातीपर्यंत आलं. मला पोहता येत नव्हतं. मी तुझ्याकडे बघितलं. तू मान हलवलीस, नाही म्हणून. मग एका हाताने मला वर उचललंस आणि खांद्यावर धरलंस. पाणी तुझ्या हनुवटीला लागलं. तू वर बघत होतीस आणि तुझे ओठ हलत होते. तू देवाचं नाव घेत होतीस की त्याला शिव्या देत होतीस, तेही मी कधी विचारलं नाही.

तो गेला. टेंपो सुरू झाल्याचा आवाज आला, दूर गेला. तरी तू बराच वेळ हलली नाहीस.

दिवस मावळायच्या सुमाराला बाबा एसटीने आले. आपण दोघी ओल्या लुगड्या-परकरात अंगणात उभ्या होतो. तू म्हणालीस, "भाऊ, मी जायाची नाय. तुला नेऊन घालायची असंल तर तू सोता माझे केस धरून ओढ. त्येच्या हाती देऊ नको. तू ओढ." बाबा तुझ्यावर हात उगारतील असं मला वाटलं. पण त्यांची नजर खाली गेली. माझे पाय त्यांना दिसले. ते तिथेच, अंगणात, कचेरीचे कपडे घातलेलेच, मातीत बसले. माझा पाय मांडीवर घेतला. तळव्यातून त्यांनी एकेक कुसळ काढलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून बाहीला तोंड पुसत होते.

"हिला कुनी पळवली?" त्यांनी विचारलं.

आई चुलीशी होती. तिने वर बघितलं नाही.

"मी," तू म्हणालीस. "मी शिकवलं व्हतं. आनि ही आपल्या मनानं आली."

तुला तसंच वाटत होतं, आत्या. तू जन्मभर तसंच सांगत राहिलीस. "माझ्या सुमीनं मला वाचवलं. कुनी सांगितलं नाय तिला, सोताच्या अकलेनं आली." तू ते सांगायचीस तेव्हा आई उठून आत जायची. तिने मला त्याच संध्याकाळी शपथ घातली होती. "तुझ्या बापाला कळलं तर मलाबी टेंपोत घालून माहेरी धाडतील. आनि इंदूच्या पोटात काय ऱ्हात नाय, भांडताना बोलून टाकंल." बाबा गेल्यावर मी आईला म्हणाले, आता सांगूया. ती म्हणाली, "आता कशाला? इतकी वर्सं भांडले मी तिच्याशी, आता काय तिचे उपकार घेऊ?" मी म्हटलं उपकार तर तुझे आहेत. ती म्हणाली, "त्येच. तिला सोसायचे नाय."

म्हणून मी सांगते. ती आई होती. विहिरीवर गेली म्हणून खोटं बोलणारी, ताप आहे म्हणणारी, त्यांना चहा पाजून वेळ काढणारी. मी फक्त पळाले.

बाबांनी परत पाठवायचं नाव पुन्हा काढलं नाही. तू राहिलीस. मळा वाढवलास, चौकच्या बाजारात बसायला लागलीस. तो नंतर एकदाच दिसला, बाजारात, रस्त्याच्या पलीकडे उभा राहून हसला आणि निघून गेला. पुढे त्याने दुसरी केली असं कानावर आलं. मला वाटलं, आता तुझी भीती जाईल. गेली नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी विचारलं, मुलगा काय करतो, जमीन किती. तू विचारलंस, "घर रस्त्यापास्नं किती लांब हाय?" कर्जतला पहिल्यांदा माझ्या घरी आलीस तेव्हा चहाच्या आधी मागचं दार उघडून बघितलंस. ते कुठे निघतं, तिथून स्टेशन दिसतं का, हे बघितलंस. मी आंघोळीला बसले की पाठ चोळायचं निमित्त करून आत यायचीस. माझा नवरा शिक्षक, मुंगी मारताना दोनदा विचार करणारा. तो हसायचा. मला हसू यायचं नाही.

संक्रांतीला आपलं भांडण झालं ते त्यावरूनच. मी म्हणाले, "आत्या, पुरे आता. म्हातारा झाला असेल तो."

तू तिळाचा लाडू हातातून खाली ठेवलास. "म्हातारपन पायाला येतं गं. हाताला नाय."

"असं किती दिवस जगणार?"

"जगले ना? ह्याच भीतीनं जगले. तुला ती नको झालीय आता."

मी काहीतरी चिडून बोलले. तू पिशवी उचललीस आणि दुपारच्या गाडीने गेलीस. मी स्टेशनपर्यंत मागोमाग आले, पण बोललो नाही. मग तू आजारी पडल्याचा निरोप आला आणि मी पोचेपर्यंत तुला शुद्ध नव्हती. मला एवढंच सांगायचं होतं, की लग्नानंतर त्या घरात शिरले तेव्हा मीसुद्धा देव्हारा बघायच्या आधी मागचं दार बघितलं होतं. मला भीती नको झालेली नाही. मी ती वापरते. माझी लेक कुणाच्या घरी जाते, परत कोणत्या वाटेने येते, हे मला रोज माहीत असतं. ती मला घाबरट म्हणते. 

तू गेलीस त्या सकाळी बाया जमल्या. कुणीतरी हिरवं लुगडं आणलं, हिरव्या बांगड्या आणल्या. नवरा जिवंत आहे, म्हणजे तू सवाष्ण, आणि सवाष्णीला हिरवं नेसवून, मळवट भरून पाठवतात. एकजण म्हणाली, त्याच्या गावाला निरोप धाडलाय, त्याचा मान आहे.  मी खिडकीपाशी गेले. हायवेवरून गाड्या जात होत्या आणि प्रत्येक गाडीचा आवाज कमी झाला की मला वाटायचं, वळली. तुला असं झोपलेलं, न पळता येणारं सोडून मी कुठे जाणार होते? 

आई उठली. आता तिला सरळ उभं राहता येत नाही. भिंत धरत आली, हिरवं लुगडं उचललं आणि ज्या बाईने आणलं होतं तिच्या हातात परत दिलं.

"हिरवं नको हिला."

"अवो काकी, नवरा जिता हाय तिचा."

"असंल. त्याचं हितं काय नाय," आई म्हणाली. "माझ्या घरची पोर हाय ती. पोरीसारखी जाईल. थांबायचं कुनासाठी नाय. चला, उचला."

तिने स्वतःच्या ट्रंकेतलं नवं जांभळं लुगडं काढलं, न नेसलेलं. ते तिनेच तुला नेसवलं, कुणाला हात लावू दिला नाही. तुझे केस विंचरले. "कवापास्नं तेल नाय घातलं बग," असं तुला रागावली, अगदी रोजच्यासारखं.

वसंताने मडकं धरलं. पुरुष तुला घेऊन नदीकडे गेले. आम्ही बाया अंगणात राहिलो. मी आणि आई मात्र मागच्या बाजूला गेलो, दोघी हाताला हात धरून, आणि रस्त्याकडे कान लावून उभ्या राहिलो. एक टेंपो आला, पुढे गेला. मग एक आला, तोही गेला. आईची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. कितीतरी वेळाने नदीच्या अंगाने धूर वर आला, आधी विरळ, मग दाट.

आईने माझा हात सोडला. "आता न्हाय नेत कुनी तिला," ती म्हणाली, आणि तिथेच खाली बसून मोठ्याने रडायला लागली.